रिकाम्या आकाशाचा ठोका

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, ब्लॅक होलवर काहीतरी द्या. जरा गूढ हवं. अध्यात्माशी जोडता आलं तर बघा." मी म्हटलं, नाही जोडता येत. मग ते म्हणाले, "बरं, तुमचे अनुभव लिहा. पण सोपं, हलकंफुलकं." जळगावात मी आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, उरलेल्या वेळात सक्रिय दीर्घिकांचे क्ष-किरण तपासले, आणि या सगळ्यात हलकंफुलकं असं फक्त लोकांचं अज्ञान होतं. तेव्हा त्याबद्दलच लिहिते.

काम काय ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या भावालासुद्धा ते अजून कळलेलं नाही. तो पाहुण्यांना सांगतो, "ताई ताऱ्यांचं बघते." ताऱ्यांचं नाही बघत मी. आपल्या आकाशगंगेसारख्या असंख्य दीर्घिका आहेत. मोठ्या दीर्घिकांच्या पोटात बहुधा एक अजस्र कृष्णविवर असतं, कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचं. बहुतेक ठिकाणी ते उपाशी, निपचित पडलेलं असतं. जिथे त्याला खायला मिळतं, तिथे भोवती वायूची तापलेली चकती फिरते, आणि जे आत जात नाही त्यातलं काही दोन बाजूंना झोतासारखं बाहेर फेकलं जातं. हे झोत दीर्घिकेच्याही बाहेर दूरवर जातात. एखादा झोत नेमका आपल्या दिशेने असला, की ती दीर्घिका भलतीच तेजस्वी दिसते. जळगाव पाइपच्या कारखान्यांचं गाव, तेव्हा इथल्या वाचकांना सांगायचं तर पाण्याच्या पाइपचं तोंड थेट आपल्या डोळ्यांवर धरल्यासारखं.

यातून निघणारे क्ष-किरण जमिनीपर्यंत येत नाहीत, हवा त्यांना अडवते. म्हणून क्ष-किरणांची दुर्बीण उपग्रहावर ठेवावी लागते. तिने टिपलेला एकेक प्रकाशकण नोंदवून खाली पाठवला जातो, आणि काही काळाने तो सगळा साठा जगात कुणालाही मोफत उतरवून घेता येतो. त्यासाठी डोंगरावर जावं लागत नाही. गणपती नगरातल्या माझ्या मागच्या खोलीत, कुकरच्या शिट्ट्या ऐकत, मी हे काम केलं आहे. लोकांना हे अजिबात आवडायचं नाही. शास्त्रज्ञ म्हटला की दुर्बिणीला डोळा लावलेला हवा. वर्तमानपत्राचा एक फोटोग्राफर तर घरी येऊन म्हणाला होता, "मॅडम, दुर्बीण नसेल तर निदान गच्चीवर चला, वर बघा." मी वर बघितलं. टाकी भरून वाहत होती. तोच फोटो छापून आला.

एक सराफ शेठजी होते. त्यांनी दुकानात सोन्याचा कस तपासायचं नवं यंत्र आणलं. दागिन्यावर क्ष-किरण सोडायचे, की आतला प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत देतो, त्यावरून सोनं किती आणि तांबं किती ते कळतं. शेठजींना उद्घाटनाला शास्त्रज्ञ हवा होता. मी फीत कापली आणि त्यांना सांगितलं, की आम्हीही हेच करतो, फक्त किरण आम्हाला सोडावे लागत नाहीत. कृष्णविवराच्या काठावर फिरणाऱ्या वायूतलं लोखंड स्वतःची खूण देतं, आणि ती खूण किती ताणली गेली आहे त्यावरून ते काठाच्या किती जवळ आहे हे समजतं. शेठजी खूश झाले. "म्हणजे मॅडम, तुम्ही दुरूनच कस लावता!" माझं काम इतक्या थोडक्यात कुणीच सांगितलं नव्हतं. लगेच त्यांनी विचारलं, "मग आमच्या नातीच्या पत्रिकेतला शनीही बघता का?" तिथे आमचं बोलणं संपलं.

पण अशा लोकांचा राग मी फार काळ धरला नाही. त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत असल्याचा आव त्यांनी आणला नव्हता. राग यावा असे लोक आमच्या विभागात होते.

डॉ. देवरे मूळचे धुळ्याचे, माझ्यानंतरचे विभागप्रमुख. माणूस गोड बोलणारा, सभेत तर अतिगोड. प्रत्येक भाषणात "मी शेतकऱ्याचा पोरगा" हे एकदा तरी यायचं, आणि ते आलं की समोरच्याने टाळ्या वाजवायच्या असा अलिखित नियम होता. शेत त्यांचं खरंच होतं, वाट्याने दिलेलं. क्ष-किरणांचा त्यांचा अभ्यास इतपत, की माझ्या निवृत्तीनंतर कुणीतरी हा विषय पुढे न्यायचा म्हणून त्यांनी तो नेला. खरं तर सुवर्णा पाटील नेत होती आणि ते पुढे चालत होते.

सुवर्णा माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यातली. तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढाच पगार, सुट्टी लागली की तोही बंद. शिकवणं झालं की देवरे सरांच्या हाताखाली पीएच.डी.चं काम करायची. मार्गदर्शक म्हणून कागदावर नाव त्यांचं. अडलं की ती माझ्याकडे यायची. पाचोऱ्याहून सकाळची गाडी पकडून आलेली असायची, डब्यातली चपाती खात खात आलेख दाखवायची. बोलायची कमी. तिच्या आलेखांवरचे आकडे मी दोनदा तपासायचे आणि दोन्ही वेळा ते बरोबर असायचे, याचा मला थोडा वैतागही यायचा.

एका वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर पेपरात बातमी आली: "कृष्णविवराच्या हृदयाचा ठोका ऐकला! खान्देशच्या सुपुत्राचे संशोधन." सुवर्णा ज्या दीर्घिकेवर काम करत होती, तिच्या झोतातून येणारे क्ष-किरण नियमितपणे कमीजास्त होतात, दीड तासाच्या आसपास एक ठोका पडतो, असा देवरे सरांचा शोध. असा शोध खरा निघाला असता तर मोठाच होता. झोताच्या मुळाशी काय फिरतं आहे, किती वेगाने, याची थेट खूण मिळाली असती. तो कुठल्याशा नियतकालिकात छापूनही आला होता. त्या नियतकालिकात पैसे भरले की तुमच्या वाणसामानाची यादीही छापून मिळाली असती.

संस्थेने ठेवलेल्या सरांच्या सत्काराला मी जाणार नव्हते. पण सत्कार भरीत पार्टीत ठेवला होता, आणि हिवाळ्यात जळगावात भरिताचं आमंत्रण नाकारणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याचं शहराबाहेर केळीचं शेत. एका बाजूला कापसाच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होती, दुसऱ्या बाजूला हिरव्या मिरच्या कुटल्या जात होत्या. मधे दोन निंबांना बांधलेला एक अवाढव्य फ्लेक्स. त्यावर कोट घातलेले देवरे सर. मागे इंटरनेटवरून उचललेलं नारिंगी कृष्णविवर. खाली शुभेच्छुकांचे चौकोनी चेहरे ओळीने. आणि सरांच्या छातीवरून आरपार गेलेला, हृदयाच्या ईसीजीच्या पट्टीसारखा दिसणारा आलेख. सुवर्णाने काढलेला आलेख. सुवर्णाचं नाव फ्लेक्सवर कुठेही नव्हतं.

भाषणं सुरू झाली. मी भरिताची ताटली घेऊन फ्लेक्ससमोर उभी राहिले, कारण तेवढीच सावली होती. हा आलेख मी पेपरात बोटभर आकाराचा पाहिला होता. आता तो माझ्याहून उंच होता. त्यात मधे मधे खिंडारं होती, आणि असणारच. उपग्रह पृथ्वीभोवती दीड-पावणेदोन तासांत एक फेरी मारतो. प्रत्येक फेरीत काही काळ पृथ्वीच आडवी येते, मग दीर्घिका दिसत नाही. शिवाय बऱ्याच फेऱ्यांत तो दक्षिण अटलांटिकवरच्या एका वाईट पट्ट्यातून जातो. तिथे विद्युतभारित कणांचा इतका मारा असतो, की यंत्र बंद ठेवावं लागतं. पट्ट्यात शिरण्याआधी आणि बाहेर पडल्यावर थोडा वेळ यंत्र खोटे कणही मोजत राहतं. तेवढा भाग चाळून टाकून द्यायचा असतो. हे या धंद्यातलं पहिलं काम, चहा करताना पाणी उकळण्याइतकं पहिलं.

आणि त्या फ्लेक्सवर प्रत्येक ठोका नेमका खिंडाराच्या काठाला चिकटून बसला होता.

म्हणजे ठोका कृष्णविवराचा नव्हता. आमच्या उपग्रहाच्या प्रदक्षिणेचा होता. जळगावात इतके फ्लेक्स लागतात, त्यातून मला काही कळल्याची ही एकच वेळ.

"मॅडम, दिसलं ना तुम्हाला?" सुवर्णा पुऱ्यांचं ताट घेऊन मागे उभी होती.

"तू चाळलं नव्हतंस?"

"चाळलं होतं. चाळल्यावर प्रकाशकण फार कमी उरले. सर म्हणाले, फेकलेलं परत घे. मी सांगितलं, सर, तो भाग खराब आहे. तर म्हणाले, शेतकऱ्याच्या पोराने कधी दाणा फेकलेला पाहिलाय का?"

"आणि परत घेतल्यावर ठोका आला."

"लगेच आला." तिने ताट खाली ठेवलं. "तेव्हाच मी सांगितलं की हा खोटा वाटतो. मॅडम, माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण हेच आहे. ते काढलं तर सर सही करणार नाहीत. सही नाही तर पदवी नाही. या वर्षी विभागात कायम जागा निघणार आहे, आणि पदवी नसेल तर अर्जसुद्धा करता येत नाही. परत कधी निघेल कुणास ठाऊक."

समोर देवरे सर हार घालून घेत होते. मला इतका संताप आला की भरीत तिखट आहे का सपक हेही कळेना. या मुलीने इतकी वर्षं धक्के खात प्रवास केला, काम बरोबर केलं, आणि आता चूक स्वतःची म्हणून छापून घ्यायची, नाहीतर घरी बसायचं.

पार्टी संपताना सुवर्णाने सरांना विचारलं, "सर, हा फ्लेक्स मी घरी नेऊ?" सर भारावले. चारचौघांत म्हणाले, "बघा, याला म्हणतात गुरुनिष्ठा!" दोन गड्यांनी तो गुंडाळून तिला टेम्पोत टाकून दिला. तिला तो कशाला हवा होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी देवरे सरांच्या केबिनमध्ये गेले. टेबलावर सत्काराच्या शाली रचलेल्या होत्या.

"सर, तो ठोका उपग्रहाचा आहे. खिंडारं बघा."

"मॅडम, तुमचा आदर आहे. पण नवीन काही निघालं की जुन्या लोकांना शंका येतातच."

"रिकाम्या आकाशावर हीच पद्धत लावून बघा. जिथे काहीच नाही तिथेही ठोका आला, तर तो कुणाचा?"

"रिकाम्या आकाशात कशाला बघायचं?" ते मनापासून हसले. "मॅडम, तुम्ही रिटायर झाल्यात, आता आराम करा. आणि सुवर्णाला काही शिकवू नका. ते प्रकरण राहील. नाहीतर माझी सही मिळणार नाही, हे तिला माहीत आहे."

त्यांना स्वतःची चूक कळली होती का? पुष्कळांनी मला हे विचारलं आहे. माझं मत, नाही. कळायला तपासावं लागतं, आणि तपासायला शंका यावी लागते. फसवणूक करणाऱ्या माणसाला निदान खरं काय ते ठाऊक असतं. देवरे सर तेवढेही कष्ट घेणारे नव्हते.

प्रबंध देण्याआधी समितीपुढे त्याचं सादरीकरण करावं लागतं. समितीत बाहेरचे दोघे, प्राचार्य आणि मार्गदर्शक. सभागृहात कुणीही बसू शकतं, म्हणून मी जाऊन बसले. अध्यक्ष मुंबईहून आले होते, आणि पहिल्या दोन प्रकरणांना डोळे मिटून मान डोलवत होते. तिसरं प्रकरण आलं. देवरे सर खुर्चीत सावरून बसले.

सुवर्णाने पडद्यावर शेजारी शेजारी दोन आलेख दाखवले. दोन्हींत ठोके.

"सर, यातला एक आपल्या दीर्घिकेचा आहे," ती देवरे सरांकडे बघून म्हणाली. आवाज बारीक होता, पण हलत नव्हता. "दुसरा वेगळ्या ठिकाणचा आहे. दोन्हींना आपण ठरवली तीच पद्धत लावली आहे. नावं मी मुद्दाम लिहिलेली नाहीत. आपली दीर्घिका कोणती ते सांगाल?"

मार्गदर्शकाला विद्यार्थिनीने असं विचारायची पद्धत नाही. पण सरांना तो आपल्या कौतुकाचाच एक प्रकार वाटला असावा. ते उठले, समितीकडे तोंड केलं आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"डावीकडची. माझं ब्लॅक होल मी ओळखणार नाही? ठोका बघा किती स्वच्छ आहे. उजवीकडे बघा, सगळी गिचमिड."

"धन्यवाद सर," सुवर्णा म्हणाली आणि पुढचं पान दाखवलं. तेच दोन आलेख, आता नावांसह. दीर्घिका उजवीकडची होती. डावीकडे लिहिलं होतं: रिकामं आकाश.

"त्या दिशेला काहीही नाही," ती समितीला सांगू लागली. "यंत्राची तपासणी करायला उपग्रहाने पाहिलेला कोरा तुकडा आहे. तिथे दीर्घिकेचे स्वतःचे चढउतार नाहीत, म्हणून ठोका जास्त स्वच्छ दिसतो. आता चाळणी नीट लावते." तिसऱ्या पानावर दोन्हीकडचे ठोके गेलेले होते. उजवीकडे थोडेसे, विरळ ठिपके उरले. डावीकडे जवळजवळ काहीच नाही.

अध्यक्षांचे डोळे आता पूर्ण उघडे होते. "मागचं पान दाखवा," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "मागचं." देवरे सर अजून पडद्याजवळच उभे होते, रिकाम्या आकाशाकडे बोट केलेलं. ते खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही. मग म्हणाले, "सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी गडबड असेल." प्राचार्यांनी चहा मागवला.

वाचकांना वाटेल, आता न्याय झाला असेल. आमच्याकडे न्याय होत नाही, इतिवृत्त होतं. समितीने लिहिलं, "तिसरे प्रकरण वगळून प्रबंध सादर करण्यास हरकत नाही." कोण चुकलं, याबद्दल चकार शब्द नाही. समितीनेच लिहिल्यामुळे सरांना सही करावी लागली. त्यांनी ती केली, आणि सुवर्णाशी बोलणं टाकलं. प्रबंध बारीक झाला. त्यात एवढंच उरलं, की या दीर्घिकेच्या झोताचे क्ष-किरण एकदा वाढले आणि ओसरले, त्यात कुठलाही नियमित ठोका नाही. परीक्षकांनी तो मंजूर केला.

कायम जागा निघाली. सुवर्णाने अर्ज केला. मुलाखत मंडळावर देवरे सर होते. जागा दुसऱ्याला मिळाली. त्याचा विषय क्ष-किरण नव्हता, आणि त्याने आयुष्यात कुणाला अवघड प्रश्न विचारला असेल असं त्याच्याकडे बघून वाटत नाही. नियतकालिकातला तो लेख आजही तसाच आहे, मागे घेतलेला नाही. सर आता धुळ्यात एका मोठ्या संस्थेत सल्लागार आहेत. परवाच महामार्गालगत त्यांचा नवा फ्लेक्स पाहिला. या वेळी मंगळ होता.

मी निवृत्त होते, माझी सही चालत नव्हती, माझा शब्द तर मुळीच नाही. ही हळहळ आजही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सुवर्णाही आता धुळ्यातच, पण सरांच्या संस्थेत नव्हे, दुसऱ्या एका कॉलेजात शिकवते, अजून तासिकांवरच. रविवारी उपग्रहाचा साठा उतरवते आणि आधी चाळते. मधे मधे आलेख पाठवते. आकडे अजूनही बरोबर असतात.

गेल्या पावसाळ्यात तिच्या वडिलांनी, आबांनी, घरी जेवायला बोलावलं. पाचोऱ्याला उतरून रिक्षाने गेले. अंगणात चाऱ्याच्या गंजीवर काहीतरी चकाकत होतं. जवळ गेले तर देवरे सर. कोट, नारिंगी कृष्णविवर, ठोके, सगळं दोरीने आवळून बांधलेलं, वर दगड. पाऊस नुकताच होऊन गेला होता आणि पाणी सरांच्या चेहऱ्यावरून ओघळून खाली जात होतं.

मला हसू आवरेना. आबांना वाटलं, मला फ्लेक्स आवडला.

"भारी माल शे मॅडम," ते म्हणाले. "येक थेंब मझार जात नही. पोरनीच घरी लई उनी. म्हने, आबा, ह्यावरलं बठ्ठं खोटं शे, पन कापड चांगलं शे."

आम्ही ओट्यावर बसलो. सुवर्णा आत भाकरी करत होती. फ्लेक्सकडे बोट दाखवून आबांनी विचारलं, "मंग मॅडम, खरा ठोका कसा शे?"

"ठोका नाहीच आबा. सुवर्णाने तेच शोधून काढलं."

"ठोकाबिका काहीच नही शे?"

"काहीच नाही."

"आनी येवढंच सांगाकरता ती इतला वरीस शिकनी? तेनाकरता नोकरी गई?"

"हो आबा."

आबांनी आत चुलीकडे पाहिलं. लेकीची पाठ दिसत होती.

"चांगलं शिकनी," ते म्हणाले, आणि मला पाटावर बसायला सांगून भाकरी वाढायला स्वतः उठले.

त्या प्रबंधासाठी सुवर्णाचा झालेला सत्कार तेवढाच. ती चुलीपाशी होती, तिला तो ऐकूही गेला नाही. म्हणून इथे लिहून ठेवते आहे.